ओझोन संरक्षणाचा इतिहास आणि हवामान बदलाचा प्रश्न : ग्रामीण ठाणे जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील पर्यावरणविषयक घडामोडींचा इतिहास लिहिताना ओझोन थराच्या संरक्षणाचा उल्लेख यशोगाथा म्हणून केला जातो. शास्त्रज्ञांनी धोका ओळखला, राष्ट्रे एकत्र आली, करार झाला, घातक रसायने बंद झाली आणि थर भरून येऊ लागला, अशी ही कथा आपल्या पदवी वर्गाच्या पर्यावरण अभ्यासाच्या पाठ्यपुस्तकांतही थोडक्यात सांगितलेली असते. कथा खोटी नाही; परंतु ती इतक्या सरळ रेषेत घडलेली नाही. तिच्यात खर्च कोणी सोसायचा, या प्रश्नावर झालेला संघर्ष सहसा गाळला जातो, आणि हवामान बदलाच्या संदर्भात नेमका तोच भाग महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात हा इतिहास ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत उभे राहून पाहण्याचा प्रयत्न केला आहे. हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले, भातशेतीवर अवलंबून असलेले आणि ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली या आदिवासी समाजांची मोठी वस्ती असलेले आहेत. ओझोनच्या प्रश्नात या भूमीचा वाटा नगण्य होता. हवामान बदलातही तो अल्पच आहे. मात्र त्याचे परिणाम तिला टळलेले नाहीत.

शोधापासून करारापर्यंत

ओझोन या वायूची ओळख जर्मन-स्विस रसायनशास्त्रज्ञ शॉनबाइन यांनी १८३९-४० च्या सुमारास करून दिली. वातावरणाच्या उंच भागात या वायूचा थर असल्याचे फ्रान्समधील फाब्री व ब्युइसाँ यांनी १९१३ मध्ये दाखवले. पुढे १९२० च्या दशकात ब्रिटिश शास्त्रज्ञ डॉबसन यांनी जमिनीवरून या थराची जाडी मोजणारे उपकरण तयार केले. आजही ही जाडी ‘डॉबसन एकक’ या मापात सांगतात.

याच सुमारास दुसरीकडे एक वेगळी घटना घडत होती. १९२८ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शीतकपाटांसाठी क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजे सीएफसी, हा रसायनसमूह सुचवला. तत्पूर्वी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरत व गळती झाल्यास माणसे दगावत. सीएफसी विषारी नव्हते, पेटत नव्हते आणि स्वस्तही होते. त्यांची स्थिरता हाच त्यांचा मोठा गुण मानला गेला. पुढे हाच गुण घातक ठरला, कारण जमिनीलगत कशानेही न विघटणारे हे रेणू अनेक वर्षांनी स्थितांबरात पोहोचतात आणि तेथील अतिनील किरणांनी फुटून क्लोरीन मुक्त करतात.

हे अनुमान मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांनी जून १९७४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. क्लोरीनचा एक अणू ओझोनच्या सुमारे एक लाख रेणूंचा नाश करू शकतो, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय होता. उत्पादक कंपन्यांनी तो ‘अजून सिद्ध न झालेला’ म्हणून दीर्घकाळ नाकारला. तरीही अमेरिकेने १९७८ मध्ये फवारणीच्या डब्यांतील सीएफसीवर बंदी घातली. पुरावा पूर्ण होण्याआधीच हा निर्णय झाला, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

निर्णायक पुरावा मिळाला तो १९८५ मध्ये. अंटार्क्टिकावरील हॅली बे या ब्रिटिश केंद्रावर फार्मन, गार्डिनर व शँकलिन यांना तेथील वसंत ऋतूत ओझोन एक तृतीयांशाहून अधिक घटलेला आढळला. हा शोध कोणत्याही अद्ययावत उपग्रहाने लावलेला नव्हता. वर्षानुवर्षे न कंटाळता डॉबसन यंत्रावर घेतलेल्या नोंदींतून तो हाती आला. अशा नोंदींची परंपरा महाराष्ट्रातही होती. पुण्यातील भारतीय हवामानशास्त्र विभागात ओझोनची मोजमापे घेतली जात, आणि १९६० च्या दशकात सी. आर. श्रीधरन यांच्या प्रयत्नांतून फुग्याबरोबर आकाशात सोडण्याचे स्वदेशी ओझोनमापक उपकरण विकसित झाले. थराच्या विरळपणाची चर्चा जगात सुरू होण्यापूर्वीच हे काम चालू होते, याचा उल्लेख आपल्याकडील लेखनात क्वचितच सापडतो.

१९८५ च्या मार्चमध्ये व्हिएन्ना अधिसंधी झाली. तिच्यात प्रत्यक्ष बंधन काहीच नव्हते. त्यानंतर १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल प्रोटोकॉलवर स्वाक्षऱ्या झाल्या. ध्रुवीय ढगांच्या पृष्ठभागावर होणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे अंटार्क्टिकावर छिद्र पडते, हे सुझन सॉलोमन प्रभृतींनी मांडलेले स्पष्टीकरण तेव्हा तपासले जात होते. म्हणजे कारणमीमांसेवर शिक्कामोर्तब होण्यापूर्वी करार झाला. मूळ करारात सीएफसीचे उत्पादन शतकाअखेर निम्म्यावर आणण्याचेच उद्दिष्ट होते, आणि ते अपुरे होते. परंतु नवे शास्त्रीय ज्ञान येईल तसे उद्दिष्ट कडक करण्याची तरतूद करारातच ठेवल्यामुळे लंडन (१९९०), कोपनहेगन (१९९२), माँट्रियल (१९९७), बीजिंग (१९९९) अशा बैठकांतून तो टप्प्याटप्प्याने बळकट होत गेला.

लंडन, १९९० : खर्च कोणाचा?

भारतीय वाचकाच्या दृष्टीने या इतिहासाचा मर्मभाग येथे आहे. माँट्रियल करारात विकसनशील राष्ट्रांना दरडोई ०.३ किलोग्रॅमपर्यंत वापराची मुभा आणि दहा वर्षांची सवलत होती. त्याबरोबरच करारात सामील न होणाऱ्या देशांशी या पदार्थांचा व्यापार बंद करण्याचे कलमही होते. भारताने व चीनने सुरुवातीस सही केली नाही. भारताचा युक्तिवाद साधा होता: वातावरणात साठलेले बहुतांश सीएफसी औद्योगिक देशांचे आहे, तेव्हा पर्यायी तंत्रज्ञान विकत घेण्याचा भार गरीब देशांनी का उचलावा? भारताचा दरडोई वापर १९९० च्या दशकाच्या मध्यातही २० ग्रॅमच्या पुढे गेला नव्हता, तर करारानुसार मुभा होती ३०० ग्रॅमची.

यात आणखी एक बाजू होती, जी तेव्हा फारशी उघड बोलली गेली नाही. ओझोनचा ऱ्हास ध्रुवांकडे तीव्र व विषुववृत्ताकडे अत्यल्प असतो. सुमारे १९ उत्तर अक्षांशावरील माहुली गडाच्या किंवा माळशेज घाटाच्या माथ्यावरील थर कधीच धोकादायक प्रमाणात विरळ झाला नाही. त्वचेच्या कर्करोगाची भीती मुख्यतः उच्च अक्षांशांवरील गौरवर्णीयांना होती. थोडक्यात, भारताला स्वतः न निर्माण केलेल्या आणि स्वतःस तुलनेने कमी जाचणाऱ्या संकटावर खर्च करण्यास सांगितले जात होते.

जून १९९० च्या लंडन बैठकीत तत्कालीन पर्यावरण मंत्री मनेका गांधी यांनी आर्थिक साहाय्य व तंत्रज्ञान हस्तांतर यांवर ठाम भूमिका घेतली. त्या बैठकीतून बहुपक्षीय निधी निर्माण झाला. पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर ठरले, आणि भारत व चीन सामील झाल्यास ती रक्कम २४ कोटींपर्यंत वाढवण्याचे मान्य झाले. निधीच्या कार्यकारी समितीत विकसित व विकसनशील देशांना प्रत्येकी सात अशा समसमान जागा मिळाल्या. पैसे देणाऱ्याच्या हाती सारी सूत्रे, ही आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थांची जुनी रीत येथे मोडली गेली. निधीने दानधर्म केला नाही. जुन्या पद्धतीऐवजी नवी स्वीकारताना पडणारा वाढीव खर्च भरून देणे, एवढेच त्याचे काम होते. ही व्याख्या मर्यादित होती, म्हणूनच ती चालली.

भारत १९ जून १९९२ रोजी प्रोटोकॉलचा पक्षकार झाला. पर्यावरण मंत्रालयात ओझोन कक्ष स्थापन झाला आणि २००० मध्ये ओझोन ऱ्हासकारक पदार्थांचे नियमन करणारे नियम लागू झाले. देशात सीएफसी बनवणारे कारखाने चारच होते: राजस्थानात भिवाडी, गुजरातेत रणजितनगर व सुरत आणि तमिळनाडूत मेट्टूर. १९९९ मध्ये या चौघांच्या उत्पादनबंदीसाठी ८.२ कोटी डॉलरचा करार मंजूर झाला. १ ऑगस्ट २००८ पासून भारताने सीएफसीचे उत्पादन थांबवले. विकसनशील देशांना दिलेली मुदत १ जानेवारी २०१० ही होती. ती गाठण्यास अद्याप सतरा महिने बाकी होते. अपवाद होता दम्याच्या रुग्णांच्या फवाऱ्यांचा. मुंबईच्या सिप्लासारख्या औषध कंपन्यांनी पुढील काही वर्षांत तेही सीएफसीमुक्त केले.

विक्रोळीचा कारखाना आणि तालुक्याचा मेकॅनिक

करार राजधानीत होतात, पण अंमलबजावणी शेवटी कोठेतरी पाना-पकड हातात घेऊनच करावी लागते. महाराष्ट्रातील याचे ठळक उदाहरण म्हणजे विक्रोळीचा गोदरेजचा कारखाना. बहुतेक उत्पादक सीएफसीऐवजी आर-१३४ए या एचएफसी वर्गातील वायूकडे वळले, तेव्हा गोदरेजने भारत, स्वित्झर्लंड व जर्मनी यांच्या सहकार्यातील ‘इकोफ्रिज’ प्रकल्पातून हायड्रोकार्बनचा मार्ग निवडला. २००१ मध्ये सीएफसी, एचसीएफसी व एचएफसी या तिन्हींपासून मुक्त शीतकपाटे तेथे तयार होऊ लागली. यातील आयसोब्युटेन हा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद. तो ओझोनला अपाय करत नाही आणि हवेची उष्णताही फारशी वाढवत नाही. मात्र तो ज्वलनशील आहे.

येथे प्रश्न उभा राहिला तो दुरुस्तीचा. शहरातून वापरलेला फ्रिज शहापूर, वाशिंद, मुरबाड, सरळगाव येथील घरांत आणि दुकानांत येतो, आणि त्यात ‘गॅस भरणारा’ मेकॅनिक बहुधा कामातूनच शिकलेला असतो. जुन्या पद्धतीत उरलेला वायू हवेत सोडून नवा भरणे हा नित्याचा प्रकार होता. आर-१३४ए ला वेगळे तेल लागते व ओलावा मुळीच चालत नाही, म्हणून निर्वात पंप आवश्यक ठरतो. आयसोब्युटेन असलेल्या नळीला निष्काळजीपणे ज्योत लावली तर स्फोट होऊ शकतो. सीएफसीचा वापर संपवण्याच्या राष्ट्रीय योजनेत देशभरातील हजारो मेकॅनिकांना प्रशिक्षण देण्यात आले, काहींना अवजारांसाठी साहाय्यही मिळाले. वस्त्रोद्योगात डाग काढण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड वापरणाऱ्या छोट्या कारागिरांपर्यंतही अशीच योजना नेण्यात आली. चार कारखान्यांशी करार करणे सोपे होते. विखुरलेल्या, कागदोपत्री कोठेही नोंद नसलेल्या माणसांपर्यंत पोहोचणे अवघड. प्रस्तुत लेखकाच्या मते प्रोटोकॉलची खरी परीक्षा येथे झाली.

डोळखांब वा टोकावडे परिसरातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी साठवणारे शीतपात्र हा पाड्यावरील कुटुंबाचा या साऱ्या रसायनशास्त्राशी आलेला कदाचित एकमेव संबंध. तेथे शीतकरण ही चैन नव्हे. म्हणून शीतकरणच नको, असे कोणी म्हटले नाही, तर दुसऱ्या वायूने तेच काम करा असे म्हटले, हे या कराराच्या यशाचे एक साधे कारण आहे.

उपायातून उपजलेला प्रश्न

सीएफसीची जागा घेणाऱ्या एचएफसी वायूंनी ओझोनला सोडले, पण तापमानवाढीला हातभार लावला. सीएफसी हे प्रबळ हरितगृह वायू आहेत, हे व्ही. रामनाथन यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे माँट्रियल प्रोटोकॉलने हवामानाचे जे रक्षण केले, ते क्योटो कराराच्या पहिल्या टप्प्यातील उद्दिष्टांहून कितीतरी पटींनी अधिक भरते. ज्या कराराचा हेतू हवामान हा नव्हता, त्यानेच हवामानासाठी सर्वाधिक काम केले, हा इतिहासातील एक विलक्षण योगायोग होय.

दुसरे उदाहरण कमी गौरवाचे आहे. एचसीएफसी-२२ बनवताना एचएफसी-२३ हा अत्यंत तीव्र हरितगृह वायू उपउत्पादन म्हणून निघतो. क्योटो करारातील स्वच्छ विकास यंत्रणेखाली तो जाळण्याबद्दल भारत व चीनमधील कारखान्यांना कार्बन पतपत्रे मिळू लागली. त्यांचे मोल इतके होते, की मूळ मालापेक्षा टाकाऊ वायू नष्ट करण्यातच नफा अधिक, अशी स्थिती आली. युरोपीय संघाने २०१३ पासून ही पतपत्रे नाकारली. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने हा वायू कारखानदारांनी स्वखर्चाने जाळावा, असा आदेश काढला. वाढीव खर्च भरून देणारा निधी आणि प्रदूषणातून कमाई करू देणारी बाजारपेठ यांतला फरक यातून स्पष्ट होतो.

ऑक्टोबर २०१६ मध्येच किगाली येथे एचएफसी कमी करण्याची दुरुस्ती मान्य झाली. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. तीनुसार भारताने २०२८ मध्ये वापर गोठवायचा, २०३२ पासून कपात सुरू करायची आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे. ओझोन थराविषयी २०२२ च्या शास्त्रीय मूल्यमापनाने असे अनुमान काढले आहे, की तो जगाच्या बहुतांश भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. दरम्यान २०१८ मध्ये सीएफसी-११ चे उत्सर्जन अनपेक्षितपणे वाढल्याचे उघड झाले आणि त्याचा माग पूर्व चीनपर्यंत गेला. मोजमापांची व्यवस्था जागी असल्यामुळेच ही चोरी सापडली व नंतर ते उत्सर्जन घटले.

शहापूर-मुरबाडमधून दिसणारा हवामान बदल

आता ओझोनकडून हवामानाकडे वळताना चित्र उलटे होते. तेथे कारण दूरचे आणि परिणामही दूरचा होता. येथे कारण दूरचे, पण परिणाम मात्र आपल्या खाचरात आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये अरबी समुद्रातील ‘क्यार’ चक्रीवादळाच्या काळात झालेल्या अवकाळी पावसाने ठाणे व पालघर जिल्ह्यांतील कापणीला आलेले, काही ठिकाणी कापून शेतात पसरलेले भात भिजून गेले. कोणत्याही एका वादळाचे खापर थेट हवामान बदलावर फोडणे शास्त्राला धरून नाही. पण अरबी समुद्र तापत असून तेथील तीव्र वादळांचे प्रमाण वाढले आहे, हे निरीक्षणांतून पुढे आले आहे. आगोटीची वेळ चुकणे आणि दसरा-दिवाळीतही पाऊस न हटणे हा विषय या भागातील भात उत्पादकाला आता नवा राहिलेला नाही.

सीएफसीचे चार कारखाने मोजता आले. कार्बन डायऑक्साइडचे उगम मोजू गेल्यास वीजनिर्मितीपासून वाहतुकीपर्यंत सारेच त्यात येते. यास्तव ‘ओझोनचे जमले, तसे हवामानाचेही जमेल’ हा सुलभ आशावाद टिकणारा नाही. माँट्रियलच्या वेळी पर्यायी रसायने हाती येण्याची शक्यता होती. ड्यूपाँ कंपनीने १९८८ मध्ये सीएफसी सोडण्याची घोषणा केली, त्यामागे विज्ञानाचा दबाव होता तसा नव्या रसायनांच्या बाजारपेठेचा हिशोबही होता. कोळसा व तेल यांच्या मालकांना असा हिशोब अजून पुरेसा जुळलेला नाही.

अनिल अगरवाल व सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन यांत भेद करावा, असे प्रतिपादन केले होते. आपल्या तालुक्यांत हा भेद शब्दशः दिसतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजण्याचा धूर आणि महानगरातील वातानुकूलित मजल्यांची वीज एकाच तक्त्यात टनांमध्ये मोजली जाते. तांत्रिकदृष्ट्या त्यात चूक नाही. परंतु त्या तक्त्यावरून धोरण ठरू लागले, की पहिला निर्बंध राबावर येण्याची शक्यता अधिक, कारण राब भाजणाऱ्याचा आवाज सर्वांत क्षीण असतो.

लंडनमध्ये राष्ट्राराष्ट्रांत जो प्रश्न उभा राहिला, तो जिल्ह्याच्या आतही आहे. तानसा (१८९२), मोडक सागर (१९५७), भातसा, मध्य वैतरणा (२०१४) या धरणांतील पाणी मुंबईकडे जाते. एकट्या भातसाचा वाटा सुमारे निम्मा आहे. त्याच शहापूर तालुक्यातील अनेक गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. मुरबाड तालुक्यातील काळू धरणाचे काम वनविषयक परवानगीच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये थांबवले. महानगराची तहान आणि बुडणाऱ्या गावांचा हक्क हा तो वाद होय. पाऊस जसजसा अनियमित होईल, तसतशी महानगराची साठवणुकीची मागणी वाढेल आणि तिचे ओझे पुन्हा याच खोऱ्यांवर येईल. भारत सरकार आंतरराष्ट्रीय मंचावर सामायिक परंतु भिन्न जबाबदारीचे तत्त्व मांडते, ते रास्तच आहे. तेच तत्त्व मुंबई आणि शहापूर यांच्यात लावण्याचा प्रसंग मात्र अद्याप आलेला नाही.

वीटभट्टीचे उदाहरण अधिक बोलके आहे. पावसाळा संपला की या भागातील कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याण, शहापूर परिसरातील भट्ट्यांवर जातात व पुढील पावसापर्यंत तेथेच राहतात. भट्टीत कोळसा व भाताचा तूस जळतो. उत्सर्जनाच्या दृष्टीने या भट्ट्या सुधारणे आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु बंदीचा हुकूम निघाला तर पहिला फटका मालकाला बसत नाही. उचल अंगावर असलेल्या मजुराला बसतो. फ्रिजच्या मेकॅनिकसाठी जी व्यवस्था झाली, म्हणजे नव्या पद्धतीचे शिक्षण, अवजारे आणि संक्रमणाच्या काळातील वाढीव खर्चाची भरपाई, तिच्यासारखी बंधनकारक तरतूद हवामानविषयक करारांत या मजुरासाठी नाही. शर्म अल् शेख येथे २०२२ मध्ये हानी-नुकसान निधी मान्य झाला आणि २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वार्षिक ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले. आकडे माँट्रियलच्या निधीपेक्षा कैक पटींनी मोठे आहेत. पण १९९० मध्ये कोणत्या खर्चापोटी, कोणाला आणि कोणाच्या मताने पैसे द्यायचे हे तिन्ही एकाच वेळी ठरले होते, तसे येथे झालेले नाही.

किगालीच्या वेळापत्रकाकडे पाहिल्यास काही कामे आपल्या आवाक्यातील दिसतात. २०३० पर्यंत एचसीएफसी-२२ चा वापर जवळजवळ संपायचा आहे आणि त्यानंतर एचएफसीची कपात सुरू होईल. याच काळात ग्रामीण ठाण्यात वातानुकूलन यंत्रे, दूध व भाजीपाल्याची शीतगृहे आणि महामार्गालगतची गोदामे वाढत जातील, आणि त्यांची देखभाल येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून बाहेर पडणारी मुले करतील. या यंत्रांत कोणता वायू आहे, गळती किती होते, जुना वायू परत घेण्याची सोय कोणत्या गावात आहे, याची तालुकानिहाय नोंद महाविद्यालयांच्या भूगोल व रसायनशास्त्र विभागांना विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यातून सहज करता येईल. अशाच नोंदी भातपिकाच्या पेरणी-कापणीच्या तारखांच्या आणि प्रत्येक पाड्यावरील विहिरीच्या पाणीपातळीच्या ठेवता येतील. हॅली बेवरील निरीक्षकांनी १९५० च्या दशकात आपली वही उघडली, तेव्हा तिचा उपयोग काय होणार, हे त्यांनाही माहीत नव्हते.